चौदाच्या पाढ्याची चाल

६ सप्टेंबर

प्रिय खारोटीस,

तुझं पत्र मिळालं. एकूण बारा ओळी. त्यातल्या चार माझ्या गुडघ्याबद्दल, तीन हवेबद्दल, आणि उरलेल्या पाचांत तू कळवतेस की डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तुला आमच्या शहरात बेचाळीस किलोमीटर पळायचं आहे, तेव्हा शनिवारी रात्री झोपायला जागा मिळेल का. वय वर्षं त्रेसष्ट. तुझ्या मुलाला आईला अडवायला जमलं नाही, का चष्म्याच्या दुकानात बसून त्याला फक्त दुसऱ्यांचे डोळे दिसतात?

शिवाय 'फोनवर बोलू' असंही लिहिलं आहेस. मी फोनवर बोलत नाही, हे तुला माहीत आहे. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून मी लोकांची बोलणी जोडून दिली. एका कानाने लग्नं ऐकली, दुसऱ्याने मयती. तो कोटा संपला. जे सांगायचं ते कागदावर सांग. कागदावर माणूस निदान वाक्य पुरं करतं.

जागा आहे. आतल्या खोलीत खाट आहे आणि खिडकी रस्त्यावर उघडते. तुमची शर्यत याच रस्त्याने जाते, एकतिसाव्या किलोमीटरची पाटी आमच्या दारासमोर लावतात. दर वर्षी मी पाहते. इथवर येताना भल्याभल्यांची तोंडं अशी झालेली असतात, जणू कोणी त्यांच्या नावाने खोटी सही केली आहे.

आपण चुलत बहिणी आहोत, वैरी नाही. वैरी असतो तर निदान एकमेकींवर लक्ष ठेवलं असतं. गेल्या अकरा वर्षांत तुझी तीन पत्रं, त्यातलं एक छापील. तेव्हा येण्याआधी मला नीट लिही: हे खूळ कधीपासून, आणि पळतेस ती कशी. मोघम नको.

तुझी,
ताई


१५ सप्टेंबर

प्रिय ताई,

मोघम नको म्हणालीस, म्हणून सगळं सांगते. हे गेले तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालता चालता कंटाळा आला म्हणून पळाले. तीन वर्षं झाली. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर आम्ही सातआठ जण असतो. सगळ्यांत म्हातारी मी, आणि बडबडीही मीच.

आता लाजेची गोष्ट. गेल्या वर्षी मी ही शर्यत पळाले. तुला कळवलं नव्हतं. पाहुणी म्हणून हॉटेलात उतरले आणि तुझ्या दारावरून मान खाली घालून गेले. तू खुर्चीवर बसली होतीस, मांडीवर पिशवी होती. तेहतिसाव्या किलोमीटरला माझे पाय संपले. शर्यतीला सात तासांची मुदत असते. तेवढ्यात पोचणार नाहीत अशांना मागून येणारी बस उचलते. आम्ही तिला केरसुणी म्हणतो. त्या केरसुणीत मी बसले, ताई. शेजारी एक गृहस्थ पिशवीत ओकत होते, आणि खिडकीबाहेर लोक आमच्यासाठी टाळ्या वाजवत होते. आजारी माणसाला वाजवतात तशा. यंदा मला त्या बसमध्ये बसायचं नाही. एवढंच. पदक नको, फोटो नको. माझ्या पायांनी त्या कमानीखालून जायचं.

आणि पळते कशी? हसू नकोस. तू शिकवलंस तशीच. पन्नास-पन्नास पावलांवरच्या विजेच्या दोन खांबांमध्ये एक चौदाचा पाढा. मुलाने मनगटावर बांधायचं घड्याळ दिलं आहे, पण त्यातले आकडे वाचायला जवळचा चष्मा लागतो, आणि तो लावला की रस्ता दिसत नाही. चष्म्याच्या दुकानदारणीची ही गत. म्हणून पाढा. तरी दर वेळी तेच होतं. अर्ध्या रस्त्यापर्यंत मी ठरवल्याच्या पुष्कळ पुढे असते, सगळे वाहवा करतात, आणि तिसाव्या किलोमीटरनंतर पायांत वाळू भरते. मी घाई करत नाही, ताई. खरंच करत नाही. पाढ्याने पळते.

तुझी,
खारोटी


२१ सप्टेंबर

प्रिय खारोटीस,

'मी घाई करत नाही, पाढ्याने पळते.' हे वाक्य मी एकोणपन्नास वर्षांपूर्वी ऐकलं आहे. तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस, गळ्यात कपाची रिबीन होती, आणि मी गवतावर पोट धरून बसले होते. विसरली असशील तर आठवण करून देते. विसरण्याचा हक्क जिंकणाऱ्याला असतो, मला तो कधी मिळाला नाही.

आपल्या कॉन्व्हेंट शाळेची पन्नाशी होती. कंपाउंडच्या भिंतीला आतून आठ फेऱ्या. जी पहिली येईल तिला सिस्टर उन्हाळ्याच्या शिबिराला पाठवणार होत्या. शिबिरातून राज्याच्या संघात घेत. माझं ते शाळेचं शेवटचं वर्ष, तुझी अजून दोन बाकी. आदल्या संध्याकाळी आपण दोघींनी कॅनव्हासचे बूट ओल्या खडूने पांढरे करून खिडकीत वाळत घातले. नव्या नाड्यांचा एकच जोड होता, तो मी तुला दिला. आणि ठरलं काय? सात फेऱ्या खांद्याला खांदा. एका भिंतीला एक पाढा. पाढा भिंतीबरोबर संपला पाहिजे. भिंत उरली तर पाय उचल, पाढा उरला तर पाय आवर. आठवी फेरी जिची तिची.

पहिल्याच भिंतीला तू चार पावलं पुढे होतीस. दुसऱ्या फेरीला मला तुझी फक्त वेणी दिसत होती. शेवटी पाढा सोडून मी तुझ्यामागे धावले, सहाव्या फेरीला पोटात कळ आली आणि तिसरी आले. तू शिबिराला गेलीस, तीन आठवड्यांनी घोटा मुरगळून परत आलीस. मी त्या जूनमध्ये एक्स्चेंजमध्ये हेडफोन कानाला लावला. असो. मी रडगाणं गात नाही. हिशेब स्पष्ट असावा, एवढंच.

आता तुझ्या मॅरेथॉनचं. शर्यतवाल्यांचं माहितीपुस्तक मी मागवलं आणि लाल पेन्सिल घेऊन वाचलं. तुझी चूक पोरकट आहे. सुरुवातीला पुढे गेलं की वेळ शिल्लक पडतो असं तुला वाटतं. वेळ म्हणजे लोणचं नव्हे, बरणीत भरून ठेवायला. आधी वाचवलेलं एक मिनिट शेवटी तीन मिनिटं मागतं. बेचाळीसचे तीन भाग कर. चौदा त्रिक बेचाळीस. पहिले चौदा असे पळ, जसं कोणाच्या घरी दुखवट्याला जातेस: पोचायची हौस नाही, पण जायला हवं. दुसरे चौदा नोकरीवर गेल्यासारखे. तिसरे चौदा घरी परतल्यासारखे. प्रत्येक चौदाला सव्वादोन तास. बेरीज पावणेसात. केरसुणी तुझ्या मागे राहील.

आणि तो पाढा तू कसा म्हणतेस ते जसंच्या तसं लिहून पाठव. सगळ्या ओळी. श्वास कुठे घेतेस तिथे रेघ मार. तू विराम गाळून भरभर म्हणत असणार. तुझी खोड मला ठाऊक आहे.

ताई


२९ सप्टेंबर

प्रिय ताई,

तू अजून चिडलेली आहेस हे पाहून बरं वाटलं. गेली कितीतरी वर्षं तू माझ्याशी फक्त सभ्यपणे बोलत होतीस.

नाड्या मला आठवतात. त्या इतक्या लांब होत्या की घोट्याभोवती दोनदा गुंडाळाव्या लागल्या. सिस्टरांची शिट्टी आठवते, तिच्या दोऱ्याला गाठी होत्या. आणि तुमच्या घरातली ती दिवेलागणीची वेळ. आईबाबा बदलीच्या गावी, मी सात वर्षांची, तुमच्याकडे शिकायला ठेवलेली. दिवसा शाळेत इंग्रजी टेबल्स, संध्याकाळी काकांसमोर मराठी पाढे. काका वर्तमानपत्र तोंडापुढे धरून ऐकायचे, आणि चुकलं की कागद फक्त एकदा वाजायचा. तो आवाज मला छडीपेक्षा भारी वाटायचा. तू मला चौदाचा पाढा जिन्यावर बसून शिकवलास. पायरी पायरी चढत. माझा तो सगळ्यांत आवडता, कारण त्याला चाल आहे. घे, लिहिते:

चौदा एके चौदा, चौदा दुणे अठ्ठावीस / चौदा चोक छप्पन्न, चौदा पाचे सत्तर / चौदा सक चौऱ्याऐंशी, चौदा साते अठ्ठ्याण्णव / चौदा आठे बारोदरसे, चौदा नव्वे सव्वीसासे, चौदा दाहे चाळासे /

बघ, दोन-दोन-दोन आणि शेवटी तीन. शेवटच्या तिनांत थोडी धाप लागते, पण ठेका सुटत नाही. भरभर म्हणत नाही. बोलते त्याच वेगाने म्हणते. मुलाने घड्याळ लावून पाहिलं, दर वेळी तेवढाच वेळ.

तुझी तीन चौदांची कल्पना मला फार आवडली. चौदाचे तीन केले की बेचाळीस होतात, हे इतकी वर्षं पाढा म्हणून माझ्या कधी लक्षातच आलं नाही. पाढा म्हणजे गाणं झालेलं असतं. गाण्याचा अर्थ कोण बघतं?

आता सांग, काय चुकतं?

तुझी,
खारोटी


२४ ऑक्टोबर

प्रिय खारोटीस,

उत्तराला उशीर झाला. गुडघा, नळदुरुस्ती, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंचं नवं हार्मोनियम. यातलं जे पटेल ते धर.

तुझा पाढा वाचला. त्यात एक फेरफार करायचा. 'अठ्ठावीस' झालं की पुढे जाण्याआधी माझी एक ओळ म्हणायची: 'घाई कोणाला, मला नाही.' एरवीच्या ओळीइतकाच वेळ. मग छप्पन्न. मग पुढे नेहमीसारखं. दर पाढ्यात, दर दोन खांबांमध्ये, न चुकता. कारण विचारू नकोस. ही ओळ मी एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं म्हटली आहे. पलीकडून लोक 'अर्जंट, अर्जंट' म्हणून कानात किंचाळत, तेव्हा प्लग खोचताना मनात म्हणायची. माझा एकही कॉल चुकीच्या घरी गेला नाही.

आमच्या रस्त्याचे खांब मी काठीने मोजून आले. पन्नास-पन्नास पावलांवर आहेत, तू लिहिलेस तसेच. पोस्टाच्या पेटीपासून बेकरीपर्यंत चार.

आता बत्तीस किलोमीटरचा सराव कर आणि काय होतं ते कळव. नखं तेव्हाच काप, शर्यतीच्या आदल्या दिवशी नाही.

ताई


९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

काल बत्तीस झाले. झाले म्हणजे कसे, मी थांबले तेव्हा मला आणखी पळता आलं असतं. पहिल्या दहा किलोमीटरांत सगळे माझ्या पुढे गेले. आमच्यातला बँकवाला म्हणाला, 'काकू, आज तब्येत बरी नाही का?' मी म्हटलं, 'घाई कोणाला, मला नाही.' पंचविसाव्याला तोच बँकवाला पोटरी धरून कठड्यावर बसला होता. मी पाणी दिलं आणि पुढे गेले. तिसावा आला, वाळू आली नाही. मी रस्त्यातच हसले.

तुझ्या एका ओळीने हे केलं. कसं, ते मला कळत नाही. जादूच म्हणायची.

आता दुसरं. हे वेगळ्या पानावर लिहिते आहे, कारण फाडायचं असेल तर तेवढंच फाडता यावं.

काल मंद पळताना मला पहिल्यांदा कळलं की मंद म्हणजे काय. म्हणजे आजवर मी घाईच करत होते आणि मला ती कळत नव्हती. मग त्या दिवशी, आठ फेऱ्यांच्या शर्यतीतही हेच झालं असणार. मी शपथ घेऊन सांगत होते की पाढ्याने पळाले, आणि तू शपथ घेऊन सांगत होतीस की मी कबूल केलेलं मोडलं. तूच खरी होतीस. मनात कुठेतरी मला तो कप हवा असणार, आणि पायांनी ते ऐकलं. तुझं शिबिर मी घेतलं. तुझ्याच नाड्या बांधून. एकोणपन्नास वर्षं मी 'नाही' म्हणत आले, आज 'हो' म्हणते. माझं चुकलं, ताई. मला माफ कर.

तुझी,
खारोटी


१८ नोव्हेंबर

प्रिय खारोटीस,

तुझ्या पत्राचं दुसरं पान सोबत परत पाठवते आहे. ते मला ठेवून घेता येत नाही. यावर लिहू नकोस.

शर्यतीच्या दिवशीचं नीट ऐक. त्या दिवशी अंगावर नवं काहीही नको. बूट जुने, मोजे जुने, आणि कोणी नवी गोळी, नवं पेय, नवा उपदेश दिला तर तोही घ्यायचा नाही. छातीवरच्या नंबराला चार सेफ्टी पिना, दोन नाहीत. दोनांनी तो फडफडतो आणि माणसाला वेड लागतं. बोटांच्या बेचक्यांत, काखेत, जिथे कापड घासेल तिथे व्हॅसलीन. पहाटे अडीचला उठवीन. पावाचे दोन तुकडे, केळं, कोमट दूध. मग पोटाला सवड द्यायची. सुरुवातीला थंडी वाजेल, म्हणून माझा जुना तपकिरी स्वेटर घालून जा. ऊब आली की काढून फेक. त्याची कीव करू नकोस, मी वीस वर्षं केली आहे.

उभी राहशील ती सगळ्यांत मागे. पुढे उभं राहून पाचशे तरुणांचे कोपर खायचे नाहीत. पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी चालायचं, घोट घोट प्यायचं, पेला संपला की पुन्हा पाढा. वळणावर आतल्या कडेने जा. रस्ता मोजणारे आतून मोजतात आणि मूर्ख बाहेरून पळतात.

शनिवारी पाचच्या आत ये. माझ्याकडे दार लवकर बंद होतं.

ताई


७ डिसेंबर

प्रिय ताई,

रविवारी संध्याकाळी मुलगा गाडी घेऊन आला आणि मला पोत्यासारखं उचलून घेऊन गेला. आपलं बोलणं झालंच नाही. पाच दिवस जिने उलटे उतरते आहे. आज बसता येतं, म्हणून लिहिते.

आधी खरं सांगते. तू पान परत पाठवलंस तेव्हा मी दुकानात मागच्या खोलीत जाऊन रडले. मला वाटलं, तू माफ करत नाहीस. शनिवारी तुझ्याकडे आले तर तू पिनांबद्दल बोललीस, मोज्यांबद्दल बोललीस, माझ्या उशीला नवा अभ्रा घातलास, आणि दिवा बंद केलास. अंधारात मी एकदा 'ताई' म्हटलं. तू म्हणालीस, 'झोप. अडीचला उठायचं आहे.' मग मी ठरवलं की ठीक आहे. माफी नाही तर नाही, स्वेटर तरी दिला आहे.

पहिले चौदा दुखवट्याचे. दोन तास तेरा मिनिटं. स्वेटर चौथ्या किलोमीटरला एका भिंतीवर घडी करून ठेवला, फेकवला नाही. दुसरे चौदा नोकरीचे. अठ्ठाविसाव्याच्या पाटीपाशी कोणीतरी ओरडून वेळ सांगितली, साडेचार तास. सगळं तुझ्या कागदाप्रमाणे. आणि मग एकोणतिसाव्याला घात झाला. पुढच्या चौकात मोठमोठ्याने गाणी लावली होती. ढोलासारखा ठोका. पाढा त्या ठोक्यात गेला. शोधला तर सापडेना. 'चौदा साते' म्हणते तर पुढे काही येईना. चालायला लागले. एक किलोमीटर चालले, दीड चालले. मागे वळून पाहिलं तर लांब ती केरसुणी दिसली. पिवळा दिवा फिरवत, सावकाश. तिला कशाची घाई?

तेव्हा पोस्टाच्या पेटीपाशी तू उभी होतीस. खुर्चीवर नाही, रस्त्यावर. एक पिवळ्या जाकिटातली मुलगी तुला म्हणत होती, 'आजी, कडेला व्हा, कडेला.' तू म्हणालीस, 'आजी तुझ्या घरी. मी हिची ताई आहे.' आणि काठी टेकत माझ्याबरोबर चालायला लागलीस. पुढे बघत, मोठ्याने, एक्स्चेंजच्या आवाजात पाढा सुरू केलास. पहिल्या दोन खांबांत मी फक्त ऐकलं. दुसऱ्या दोनांत तोंड हललं. तिसऱ्यांदा आपण दोघी म्हणत होतो, आणि मला कळलं की तू एक ओळ वेगळी म्हणते आहेस. मी 'घाई कोणाला' म्हणत होते आणि तू त्याच जागी म्हणालीस, 'चौदा त्रिक बेचाळीस.'

मी म्हटलं, 'ताई, तू एक ओळ जास्त म्हणते आहेस.'

तू म्हणालीस, 'जास्त नाही. तुझी आहे. परत देते आहे.'

बेकरी आली. तू खांबाला हात लावून थांबलीस आणि म्हणालीस, 'आता बघत काय उभी राहिलीस? जा.'

गेले. उरलेला सगळा रस्ता दोन्ही ओळी आलटून पालटून म्हटल्या. सहा तास त्रेपन्न मिनिटं. कमानीखालून, माझ्या पायांनी. केरसुणी रिकामी गेली नसेल, पण मी तिच्यात नव्हते.

आता सांग. परत दिलीस म्हणजे काय? ती माझ्याकडून कधी घेतली होतीस?

तुझी,
खारोटी


१२ डिसेंबर

प्रिय खारोटीस,

सहा त्रेपन्न. मी पावणेसात सांगितले होते. आठ मिनिटं त्या गाण्यांच्या नावावर टाकते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून माहीत आहे. तू पाढा लिहून पाठवलास तेव्हा लाल पेन्सिल घेऊन बसले होते, तुझी चूक काढायला. ओळी मोजल्या. नऊ. पुन्हा मोजल्या. मग पेन्सिल खाली ठेवली आणि तीन आठवडे उचलली नाही. नळ बिघडला नव्हता. हार्मोनियम खरं आहे.

तू आमच्याकडे आलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तोवर वर्तमानपत्राच्या पलीकडे बाबा एकटे माझे होते. तू आलीस, आणि महिन्याभरात तुझा बाराचा पाढा माझ्यापेक्षा सुरेल झाला. एके संध्याकाळी बाबा वर्तमानपत्र खाली ठेवून तुझ्याकडे बघत राहिले. माझ्यासाठी त्यांनी ते कधी खाली ठेवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला तुला चौदाचा शिकवायला सांगितलं. मी जिन्यावर बसवून शिकवला, आणि एक पायरी गाळली. चुकून नाही. ठरवून. 'त्रिक' गाळलं, आणि त्याला अशी चाल लावली की भोक दिसू नये. म्हटलं, संध्याकाळी कागद वाजेल.

वाजला नाही. तू ती चाल अशी गोड म्हटलीस की बाबा ऐकतच राहिले. त्यांना कळलं नाही, किंवा कळून हसले असतील. माझा डाव वाया गेला, म्हणून मी तो विसरून गेले. इतकी साफ विसरले की सात वर्षांनी तुला कंपाउंडच्या भिंतीपाशी उभं करून सांगितलं, एका भिंतीला एक पाढा. माझा दहा ओळींचा होता, तुझा नऊचा. नऊ ओळींत तीच भिंत संपवायची तर पायांना पळावंच लागतं. तू कबूल केलेलं मोडलं नाहीस. शब्दाला शब्द पाळलास. दर भिंतीला तू माझ्या पुढे गेलीस ती बरोबर तेवढीच, जेवढी ओळ मी तुझ्याकडून चोरली होती. गेल्या वर्षी तुला त्या बसमध्ये बसवलं तेही त्याच ओळीने. आणि एकोणपन्नास वर्षं चोर म्हणून मी कोणाकडे बोट दाखवत होते, ते तू जाणतेस.

ऑक्टोबरमध्ये मी हे सांगू शकले असते. सांगितलं नाही. त्या भोकात माझी दुसरी ओळ ठोकली, तुझी शर्यत तेवढी सुधारेल आणि माझी अब्रूही राहील म्हणून. मग तुझं ते दुसरं पान आलं. न केलेल्या गुन्ह्याची माफी. सिस्टर म्हणायच्या, कबुली गुडघ्यावर बसून द्यावी. माझे गुडघे वाकत नाहीत. म्हणून रस्त्यावर उतरले. तिथेही तुझ्याकडे बघून म्हणायचं धैर्य झालं नाही, खांबांकडे बघून म्हटलं.

हे वाचून तुला राग आला तर तो तुझा हक्क आहे. मी पुष्कळ वर्षं वापरला, आता तू घे. वापरून मऊ झाला आहे.

तो स्वेटर मी आणला. तुझं पत्र आल्यावर काल काठी घेऊन चौथ्या किलोमीटरपर्यंत बसने गेले, भिंतीवर तशीच घडी होती. धुऊन वाळत घातला आहे. आणि आतल्या खाटेचा अभ्रा अजून काढलेला नाही.

रोज सकाळी पोस्टाच्या पेटीपासून बेकरीपर्यंत चालते. चार खांब जाताना, चार येताना. दहा ओळी. पेटीपाशी पोचले की क्षणभर थांबते. तुझं उत्तर यायचं तर ते त्या पेटीतून यायचं नाही, हे मला कळतं, तरी थांबते.

उत्तर लवकर पाठव. घाई आहे. मला.

तुझी,
ताई